शॉच्या नावावर खपणारे विनोद आणि खरा शॉ

पडद्यामागून (मूळ लेख)

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो विनोद पुन्हा फिरला. एक देखणी नर्तकी नाटककार बर्नार्ड शॉला म्हणते, आपण लग्न करू. मुलाला माझं रूप मिळेल आणि तुमची बुद्धी. शॉ म्हणतो, आणि उलटं झालं तर? कधी ही नर्तकी इझाडोरा डंकन असते. कधी शॉच्या जागी आइनस्टाइन येतो आणि नर्तकीच्या जागी मर्लिन मन्रो. इझाडोराचा इथे काही संबंध नाही. हेस्केथ पिअर्सन या आपल्या चरित्रकाराला शॉने हकिकत सांगितली ती अशी की, झुरिचचा पत्ता घातलेलं एका अनोळखी बाईचं पत्र आलं होतं आणि त्याला त्याने हे उत्तर दिलं होतं. म्हणजे किस्सा त्याचाच, नर्तकी मात्र लोकांनी पदरची घातली.

दुसरा लाडका फॉरवर्ड चर्चिलचा. शॉ म्हणे पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं पाठवतो, "मित्राला घेऊन या, असलाच तर." चर्चिल कळवतो, "पहिल्या प्रयोगाला जमणार नाही, दुसऱ्याला येईन, झालाच तर." सुरेख आहे, पण असं काही घडलं नसल्याचं दोघांनीही सांगितलं होतं. इंग्रजी स्पेलिंगची खिल्ली उडवत 'फिश' भलत्याच अक्षरांनी लिहून दाखवणारा विनोदही शॉच्या खात्यावर जमा आहे. तो १८५५ सालच्या एका पत्रात सापडतो. शॉचा जन्म २६ जुलै १८५६ चा.

हे सगळं वाचून शॉ म्हणजे आयर्लंडचा बिरबल वाटायला लागतो. कुणीतरी खोचक विचारायचं आणि याने एका वाक्यात त्याला गार करायचं. तेही त्याला जमायचं, नाही असं नाही. १८९४ मध्ये 'आर्म्स अँड द मॅन'चा पहिला प्रयोग लंडनमध्ये गाजला, शॉ रंगमंचावर आला, टाळ्या चालू होत्या आणि वरून एकाने हुर्यो केली. शॉ त्याला म्हणाला, "मित्रा, माझंही मत तुझ्यासारखंच आहे, पण एवढ्या लोकांपुढे आपण दोघं काय करणार?" हा किस्सा खरा.

तरी माझ्या मते शॉचा विनोद हजरजबाबीपणातून आलेला नाही. तो डब्लिनच्या घरातून आलाय, आणि ते घर काही सुखाचं नव्हतं. वडील जॉर्ज कार शॉ धान्याचे व्यापारी, धंदा बुडत चाललेला. तत्त्वाने दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते आणि प्रत्यक्षात पिणारे. आईचं सगळं लक्ष गाण्यात. गाण्याचे मास्तर वँडेलूर ली शॉ कुटुंबाबरोबर एकाच बिऱ्हाडात राहायचे. पुढे ली लंडनला गेले, मागोमाग आईही मुलींना घेऊन गेली. पोरगा बापाजवळ राहिला आणि जमिनींची कामं बघणाऱ्या एका कचेरीत कारकुनी करू लागला. १८७६ मध्ये विसाव्या वर्षी तोही लंडनला निघाला.

या बापाचं एक दृश्य शॉने लिहून ठेवलंय. एका काखेत अर्धवट गुंडाळलेलं हंस जातीचं बदक, दुसऱ्या काखेत तशीच डुकराची तंगडी, आणि समोर फाटक आहे अशा समजुतीने बाप बागेच्या भिंतीला डोक्याने धडका देतोय. प्रत्येक धडकेला उंच टोपीची घडी होत चाललेली. हे पाहून मुलाला शरमेने रडू यायला हवं होतं. पण शेजारी मामा हसून हसून दुमडला होता आणि पोरालाही हसू आवरेना. त्यावर शॉ म्हणतो, घराण्याचा सांगाडा कपाटातून हलवता येत नसेल, तर निदान त्याला नाचवा.

माझ्यासाठी अख्खा शॉ या वाक्यात आहे. जे झाकायचं ते भर उजेडात आणून, अजिबात न हसता, हिशेब सांगितल्यासारखं सांगायचं. फॉरवर्डमधला शॉ दुसऱ्याला टोमणे मारतो. खऱ्या शॉने सुरुवात स्वतःच्या घरापासून केली.

तुम्हाला काय वाटतं? खरेखोटे किस्से येऊ द्या.

कट्ट्यावरचा

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. तोवर एवढंच की टोमणेच हवे असतील तर ऑस्कर वाइल्डकडे जा. तोही डब्लिनचाच, वयाने दोनच वर्षं मोठा. "शॉला जगात एकही शत्रू नाही, आणि त्याच्या मित्रांपैकी कुणालाही तो आवडत नाही" हे वाइल्डचं.

पडद्यामागून

@कट्ट्यावरचा, आणि ते वाइल्डचं वाक्य नटी एलेन टेरीला पत्रातून कळवणारा कोण? शॉच! स्वतःवरचा टोमणा स्वतःच पोस्टाने पाठवणारा माणूस.

सदाफुली

आमच्या पिढीला शॉ भेटला तो पुलंच्या हातून. 'ती फुलराणी', १९७५, भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी. त्या मंजुळेच्या स्वगतानंतर नाटक थांबायचं, टाळ्या संपेपर्यंत भक्तीताई तशाच उभ्या. हे मी आईकडून ऐकलेलं. मी स्वतः नंतर अमृता सुभाषचा प्रयोग पाहिला. त्याचं मूळ नाटक 'पिग्मॅलियन' इंग्रजीतून वाचलं तेव्हा थोडी निराशा झाली, खरं सांगते. एलायझा शेवटी कुणाची होते हे नाटकात सांगतच नाही, आणि मग मागे एवढा लांबलचक मजकूर जोडून ती फ्रेडीशी लग्न करते म्हणून सांगतो. नाटकातच का नाही सांगितलं?

तिसरी घंटा

@सदाफुली, त्यामागे एक भांडण आहे, आणि किस्सा म्हणून ते सगळ्या फॉरवर्डांपेक्षा सरस आहे.

'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग झाला व्हिएन्नात, १९१३ मध्ये, तोही जर्मनमधून. लंडनला ते १९१४ च्या एप्रिलमध्ये आलं. एलायझा होती मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल, वय एकोणपन्नास, आणि भूमिका अठरा-वीस वर्षांच्या फुलवालीची. तिला घडवणारा प्राध्यापक हिगिन्स झाले होते हर्बर्ट बीअरबोम ट्री, थिएटरचे मालकही तेच. तालमीत तिघांचं एकमेकांशी पटेना. शॉ रागावून निघून जायचा, परत यायचा, लांबलचक सूचनापत्रं लिहायचा. त्यात शॉ मिसेस कॅम्पबेलच्या प्रेमात आकंठ बुडालेला, आणि घरी शार्लट, जिच्याशी १८९८ मध्ये लग्न झालेलं. आणि ही बाई तर ऐन तालमींच्या दिवसांत दुसऱ्याशीच लग्न करून मोकळी झाली.

शॉची अट एकच होती, हिगिन्स आणि एलायझा यांचं जमलंय असं वाटता कामा नये. एका माणसाने दुसऱ्याला घडवलं म्हणून ती त्याच्या मालकीची होत नाही, नाटक त्यासाठीच लिहिलेलं. ट्रीसाहेबांनी काय करावं? शेवटी पडदा पडता पडता एलायझाकडे फूल फेकायला सुरुवात केली. प्रेक्षक खूश, गल्ला भरतोय. ट्रीने शॉला लिहिलं, "माझ्या शेवटाने पैसा येतोय, तुम्ही आभार मानायला हवेत." शॉचं उत्तर, "तुमचा शेवट भिकार आहे, तुम्हाला गोळी घालायला हवी."

तो लांबलचक मजकूर याच रागातून आला. आणि तरी १९३८ च्या चित्रपटात एलायझा हिगिन्सकडे परत आलीच. त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं. नोबेल १९२५ चं होतंच. दोन्ही मिळवणारा तो पहिला.

सदाफुली

बापरे, हे माहीत नव्हतं. म्हणजे शेवट गोड करणारे लोक तेव्हाही होते. आमच्याकडे मालिकांमध्ये तेच चालतं.

डॉ. वैतागराव

मी धंद्याने सर्जन, त्यामुळे माझा आवडता शॉ वेगळा. 'द डॉक्टर्स डिलेमा', १९०६. सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सर अल्मरॉथ राइट लसींवर काम करत होते. तिथल्या गप्पांत प्रश्न निघाला की रुग्ण हाताबाहेर वाढलेत, आणखी एक आला तर कुणाला घ्यायचं? राइट म्हणाले, ज्याचा जीव जास्त मोलाचा त्याला. शॉ तिथेच बसला होता, त्याला आयतं नाटक मिळालं. एका जागेसाठी दोन रुग्ण, एक हुशार पण लबाड चित्रकार आणि एक गरीब, साधा, भला डॉक्टर. वरून तपासणाऱ्या डॉक्टरचा चित्रकाराच्या बायकोवर डोळा.

त्यात कटलर वॉलपोल नावाचा सर्जन आहे. त्याला प्रत्येक माणसात एकच रोग दिसतो, पोटातली एक पिशवी सडलीये, काढून टाका. ती पिशवी शॉने कल्पनेने बनवलेली. आमच्या शिकाऊ डॉक्टरांना मी हा प्रवेश वाचून दाखवतो, तेव्हा ते हसतात आणि मग एकमेकांकडे बघतात. :)

प्रस्तावनेचं दुसरंच वाक्य असं की, पाव मिळावा म्हणून भटाऱ्याला पाव भाजण्याचे पैसे देतो हे ठीक, पण त्याच न्यायाने सर्जनला तुमचा पाय कापण्याचे पैसे देणारा समाज पाहिला की माणसाच्या राजकीय अकलेबद्दल आशाच सुटते. एकशेवीस वर्षं होत आली. कट प्रॅक्टिसवर आपल्याकडे एवढी चर्चा होते, पण इतक्या थोडक्यात कुणी मांडलेलं मी वाचलं नाही.

मात्र एक सांगतो, हाच माणूस लसीकरणाचा कट्टर विरोधक होता. १८८१ मध्ये स्वतःला देवी येऊन गेलेल्या, तरीही! त्यामुळे त्याला आरोग्याचा गुरू वगैरे करू नका.

कट्ट्यावरचा

आलो. डॉक्टर, मांसाहारावरूनही त्याचं तुमच्या लोकांशी जुंपलेलं. १८८१ पासून शाकाहारी. १८९८ मध्ये पायाचं हाड सडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर म्हणाले मांस खाल्लं नाहीत तर बरे होणार नाही. त्यावर त्याने लिहिलं की माझ्या प्रेतयात्रेची सोय मृत्युपत्रात करून ठेवलीये. मागे शोकाकुल गाड्या नकोत. बैल, मेंढ्या, डुकरं, कोंबड्यांचे थवे आणि जिवंत माशांचं एक छोटं फिरतं मत्स्यालय चालेल. सगळ्यांच्या गळ्यात पांढरे रुमाल, सोबतच्या जिवांना खाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माणसाच्या सन्मानार्थ.

त्यानंतर बावन्न वर्षं जगला. ९४ व्या वर्षी बागेत झाडाची छाटणी करताना पडला, तेव्हा कुठे गेला. डॉक्टरांनी बोध घ्यावा. हलके घ्या.

अण्णा सातारकर

आपल्याकडचे दुवे कुणी काढले नाहीत म्हणून लिहितो.

१८८४ मध्ये शॉ फेबियन सोसायटी या समाजवादी मंडळात आला. याच मंडळींपैकी सिडनी आणि बिअट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस आणि शॉ यांनी १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स काढलं. बाबासाहेबांनी एम.एस्सी. आणि डी.एस्सी. केली ती तिथेच. शॉचं नाव घेतल्यावर आपल्याकडे फक्त फुलराणी आठवते, हे पटत नाही.

दुसरा दुवा अ‍ॅनी बेझंट. थिऑसॉफीकडे वळून हिंदुस्थानात येण्याआधी बाई शॉच्या जवळच्या. शॉच्या ज्या कादंबऱ्या प्रकाशक परत पाठवत होते, त्यांतल्या दोन त्यांनी आपल्या मासिकात क्रमशः छापल्या. नवरा हयात असल्यामुळे बाईंना लग्न करता येईना, तेव्हा त्यांनी एकत्र राहण्याच्या अटींचा कागद तयार करून शॉपुढे ठेवला. शॉ वाचून म्हणाला, "देवा! हे तर सगळ्या चर्चच्या सगळ्या शपथांपेक्षा भयंकर आहे. त्यापेक्षा दहा वेळा कायदेशीर लग्न परवडलं." प्रकरण तिथेच संपलं. १३ नोव्हेंबर १८८७ ला ट्रॅफल्गार चौकातल्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा दोघंही मोर्च्यात होते. नंतर समाजवादी कवी विल्यम मॉरिसला शॉने लिहिलं की आमच्या सामुदायिक कृतीला पळणं हा शब्द अपुरा आहे, आम्ही धूम ठोकली. कुठला पुढारी असं लिहील?

जानेवारी १९३३ मध्ये 'एम्प्रेस ऑफ ब्रिटन' बोटीतून जगप्रवासाला निघालेला शॉ मुंबईत उतरला होता. इथलं जैन मंदिर पाहून भारावला. गांधीजींची आणि त्याची गाठ आधीच, १९३१ मध्ये लंडनला पडलेली. मुंबईला आला तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात. १९४८ मध्ये खुनाची बातमी कळल्यावर शॉ म्हणाला, "फार चांगलं असणं किती धोक्याचं असतं, हे यावरून दिसतं."

निळी शाई

सगळे एका सुरात गाताय म्हणून जरा बेसूर होते.

१९३१ च्या जुलैत हे गृहस्थ रशियाला गेले, बरोबर ब्रिटिश खासदार लेडी अ‍ॅस्टर. ७५ वा वाढदिवस मॉस्कोत दणक्यात साजरा झाला, स्टालिनची भेट झाली. तिथे भाषणात शॉने सांगितलं की निघताना मित्रांनी उपासमारीच्या भीतीने खाण्याचे डबे बरोबर दिले होते, ते आपण सरहद्द ओलांडण्याआधीच गाडीच्या खिडकीतून फेकून दिले. समोर बसलेल्यांसाठी असा एकेक डबा म्हणजे सणच होता. तेव्हा मॉस्कोत असलेल्या युजीन लायन्स या अमेरिकन पत्रकाराने लिहिलंय की सभागृहातून सुस्कारा ऐकू आला. याला विनोद म्हणायचं?

मार्च १९३३ मध्ये, युक्रेनमध्ये माणसं भुकेने लाखांनी मरत असताना, 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये इतर काही जणांबरोबर सही करून पत्र छापलं की दुष्काळाच्या बातम्या म्हणजे बदनामी आहे. मुसोलिनीचंही कौतुक करून झालेलं. सुप्रजननाच्या नावाखाली नको त्या माणसांना संपवण्याच्या गोष्टी बोलून झालेल्या. त्यावर "तो उपरोध होता" हे ठरलेलं उत्तर मिळतं. मला ते मान्य नाही.

तिसरी घंटा

@निळी शाई, मला वाटतं पहिलं महायुद्धही लक्षात घ्यायला हवं. १९१४ मध्ये सगळं इंग्लंड देशभक्तीने पेटलेलं असताना याने 'कॉमन सेन्स अबाउट द वॉर' लिहून आपल्याच सरकारला धारेवर धरलं. मित्रांनी बोलणं सोडलं, क्लबांनी वाळीत टाकलं. तोही हाच माणूस. भित्रा नव्हता.

निळी शाई

भित्रा कोण म्हणालं? तो निबर झाला, असं म्हणतेय. १९१४ मध्ये तो सत्तेशी भांडत होता. १९३१ मध्ये सत्ता त्याला वाढदिवसाची मेजवानी देत होती.

पडद्यामागून

@निळी शाई, तुमचा प्रतिसाद धाग्याला हवाच होता. मी यावर कालपासून विचार करतोय, आणि मला ते सांगाड्याच्या वाक्याकडेच जाऊन भिडतं. सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी १९१३ मध्ये शॉची आई वारली. दहन गोल्डर्स ग्रीनला. अंत्यविधीला शॉ आणि नट-दिग्दर्शक हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर, बास. त्या दिवसाचं वर्णन शॉने मिसेस कॅम्पबेलला पत्रात लिहिलंय. लोक घाबरतात, पण हा मागे जाऊन प्रत्यक्ष बघून आला. जांभळी शवपेटी पाय पुढे करून आत सरकली, आणि मग तिला लालसर, बायबलमधल्या अग्निजिव्हांसारख्या ज्वाळांनी वेढलं. त्याला ते फार सुंदर वाटलं. नंतर परत आल्यावर काय पाहिलं, तर एका मोठ्या टेबलाशी पांढऱ्या टोप्या घातलेले दोन आचारी वाकून आईच्या राखेतून खिळे आणि पेटीच्या कड्यांचे तुकडे निवडतायत. शॉ लिहितो, आई माझ्या शेजारी उभी राहून वाकून बघत होती आणि हसून गदगदत होती. बार्कर त्याला म्हणाला, तू भलताच आनंदी प्राणी आहेस.

हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा घशात काहीतरी अडकतं आणि हसूही येतं. कारण राख त्याच्या आईची आहे. या आईने त्याच्याकडे लहानपणी फारसं पाहिलं नव्हतं, नंतर लंडनमध्ये मात्र कित्येक वर्षं त्याला पोसलं होतं. त्याच्या पाच कादंबऱ्या कुणी घेत नव्हतं आणि तो ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून राहायचा, त्या दिवसांत घर तिच्या गाण्याच्या शिकवण्यांवर चालायचं. तिची राख बघून विनोद सुचणं हा त्याचा अधिकार होता.

डबे फेकण्याच्या गोष्टीत उपाशी राहणारं कुणीच त्याचं नव्हतं. तंत्र तेच, तोच निर्विकार चेहरा. पण सांगाडा दुसऱ्याच्या घरातला. तिथे हा विनोद नुसता पोकळ नाही, क्रूर होतो. त्याची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. फक्त दोन्ही ठिकाणी हात एकच आहे एवढं दिसतं.

निळी शाई

हे पटलं. तरी 'गार्डियन'मधल्या त्या पत्रावरची सही पुसली जात नाही. आईचं पत्र मात्र शोधून वाचणार.

डब्लिनकर

इथे राहतो म्हणून हजेरी लावतो. ३३ सिंज स्ट्रीट, शॉ जन्मला ते घर. साधं, बुटकं, ओळीतलं. दाराशेजारच्या पाटीवर लिहिलंय, "बर्नार्ड शॉ, अनेक नाटकांचे लेखक, या घरात जन्मले." अनेक नाटकांचे लेखक! नोबेल नाही, काही नाही. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीने यापेक्षा जास्त विशेषणं लावली असती.

वाइल्डचा रंगीत दगडांचा पुतळा मेरियन चौकात खडकावर ऐसपैस रेललाय, पर्यटकांची गर्दी तिथेच. शॉचा ब्राँझचा पुतळा जवळच नॅशनल गॅलरीकडे आहे आणि त्याला तिथे असण्याचा हक्क आहे. पोरगा असताना तो या गॅलरीत तासन् तास भटकायचा, शाळेपेक्षा इथेच शिकलो म्हणायचा. मृत्युपत्रात मानधनाचा एक तृतीयांश वाटा गॅलरीला, उरलेले दोन ब्रिटिश म्युझियमला आणि लंडनच्या नाट्यशाळेला. त्याच्या हयातीत कुणाला 'पिग्मॅलियन'चं संगीत नाटक करू दिलं नाही. 'आर्म्स अँड द मॅन'वरून एक ऑपेरेटा झालं होतं, त्यावरून शॉने कानाला खडा लावला होता. तो गेल्यावर १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' आलं आणि गॅलरीला पैसाच पैसा मिळाला. त्यातून किती चित्रं घेतली गेली! म्हणजे त्याला जो शेवट नको होता, त्याच शेवटाने त्याच्या शाळेची फी भरली.

कट्ट्यावरचा

ट्रीसाहेब वर बसून टाळ्या वाजवत असतील. "बघा, पैसा येतोय."

सदाफुली

एक शंका. "जो करू शकतो तो करतो, ज्याला जमत नाही तो शिकवतो" हे तरी शॉचं आहे ना? मी शिक्षिका आहे, दर शिक्षकदिनाला कुणीतरी ऐकवतं.

तिसरी घंटा

आहे आणि नाही. 'मॅन अँड सुपरमॅन', १९०३. नाटकाचा नायक जॉन टॅनर याने लिहिलेली पुस्तिका म्हणून शॉने मागे जोडलीये, त्यात हे वाक्य आहे. "लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं त्यांच्याशी वागू नका, त्यांच्या आवडी वेगळ्या असू शकतात" हेही तिथलंच. आणि नाटकात हा टॅनर जगाला अक्कल शिकवत फिरतो, पण अ‍ॅनच्या मनात काय आहे ते त्याचा ड्रायव्हर त्याला सांगतो! मग मोटार घेऊन स्पेनपर्यंत पळतो आणि शेवटी तिच्याच हाती सापडतो. पुढच्या शिक्षकदिनाला ऐकवणाऱ्याला एवढंच विचारा, की हे म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं माहीत आहे का?

सदाफुली

हा हा, जपून ठेवते! सुरुवात कुठून करू तेही सांगा. पिग्मॅलियन झालंय.

डॉ. वैतागराव

डिलेमा. प्रश्नच नाही.

तिसरी घंटा

'आर्म्स अँड द मॅन'. काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणारा सैनिक, छोटं आणि धावतं नाटक. डिलेमा नंतर घ्या. आणि कुठलंही घेतलं तरी प्रस्तावना आधी वाचू नका. 'अँड्रोक्लीज अँड द लायन'ची तर नाटकापेक्षा मोठी आहे.

डॉ. वैतागराव

@तिसरी घंटा, डिलेमाची प्रस्तावना आधीच वाचायची. बाकीच्यांचं तुम्ही बघा.